दातांच्या मुळाशी भदाणे सर

भदाणे सरांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही. दात राहतात.

आमच्या सुरतेतल्या दिंडोलीच्या सोसायटीत ते राहायला आले आणि लगेचच लिफ्टमध्ये आमची गाठ पडली. नवा माणूस दिसला की हसावं, म्हणून मी हसलो. त्यांनी हसण्याला हसण्याने उत्तर दिलं नाही. मान जराशी कलती करून माझ्या तोंडात पाहिलं आणि म्हणाले, "वरचा डावा सहावा. काळवंडलाय. गरम चहाला कळ येते?"

"नाही."

"पूर्वी यायची?"

"यायची. दोन-चार वर्षांपूर्वी. मग आपोआप थांबली."

"आपोआप काही थांबत नाही," ते म्हणाले. "नस मेली म्हणून कळ थांबली. आता मुळापाशी निरोप गेला असेल." तेवढ्यात त्यांचा मजला आला आणि ते उतरून गेले. नाव सांगितलं नाही, विचारलं नाही.

मी कडोदऱ्याच्या एका साडी मिलमध्ये डिझायनर आहे. दिवसभर संगणकापुढे बसून फुलं, पानं, बुट्टे काढतो. निरोप कुठे गेला, कोणी धाडला, मला काही कळलं नाही. पण माणूस धास्तावतोच. आठवड्याभरात जाऊन दाताचा एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढा काळा डाग होता. रूट कॅनल करून घ्यावी लागली.

तेव्हापासून भदाणे सरांच्या लेखी मी म्हणजे 'वरचा डावा सहावा'. सोसायटीचे सेक्रेटरी रमणभाई म्हणजे 'खालचा पुढचा तिरका'. एकदा पार्किंगमध्ये त्यांनी मला विचारलं, "ते खालचे पुढचे तिरके भेटले का? पाण्याच्या टाकीचं बोलायचं होतं." मी बरोबर रमणभाईंकडे गेलो. इतकं ते आमच्यात रुळून गेलं होतं.

सर दातांचे डॉक्टर, पण दात काढत नाहीत, भरत नाहीत, साफ करत नाहीत. एका डेंटल कॉलेजात ते शिकवतात. दुसऱ्यांनी काढलेले दात आणि दातांखालचं मांस त्यांच्याकडे येतं. ते त्याचे पातळ काप करतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यातही त्यांचं खास प्रेम एकाच गोष्टीवर, मेलेल्या दाताच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीवर. आपल्या लेखी ती घाण. सरांच्या लेखी ते गाव.

"दाताच्या आत जंतू शिरले," ते सांगायला लागतात, कुठेही, जिन्यात, दुधाच्या रांगेत, "की आतली नस मरते. नस मेली म्हणजे रक्त आत जायची वाट बंद. शरीराच्या लढणाऱ्या पेशी रक्तातून येतात. त्या येतात, पण मुळाच्या टोकापर्यंतच. पुढे दार बंद. आत शत्रू बसलाय, बाहेर ह्या उभ्या. आत जाता येत नाही आणि सोडून निघूनही जाता येत नाही. मग काय करतात?"

"काय करतात?" दुधवाला विचारतो, कारण विचारल्याशिवाय सर पिशवी घेत नाहीत.

"निरोप धाडतात. एकमेकींना. आणखी या, ताप वाढवा, रस्ता रुंद करा. आणि हाड खाणाऱ्या पेशींना निरोप जातो, की जागा करा. मग जबड्याचं हाड स्वतःहून मागे सरकतं. एक्स-रेत काळं दिसतं ना, ती ही सोडलेली जागा."

कोणाच्या पोराने रस्त्यात दंगा केला, तर सर विचारणार, "पहिला निरोप कोणी धाडला?" पार्किंगवरून दोन बिऱ्हाडांचं भांडण लागलं, तर आपण कोणाची बाजू घ्यायची ते ठरवत असतो. सर शांतपणे म्हणणार, "थांबा-निरोप कोण देतंय ते बघा. तो देणारा गावात कोणीतरी असतो. उशिरा पोहोचतो, एवढंच." शरीरातही तसंच असतं, असं त्यांचं म्हणणं. काही पेशींचं काम फक्त 'आता पुरे' असं सांगण्याचं. तो निरोप काही माणसांत वेळेवर का जातो आणि काहींत का जात नाही, हे शोधण्यात त्यांची निम्मी हयात गेली आहे.

एका गणपतीत आम्ही त्यांना व्याख्यानाला बसवलं. खरं म्हणजे बसवलं नाही, त्यांनीच विचारलं आणि नाही म्हणणं कोणाला जमलं नाही. विषय त्यांनी फळ्यावर लिहिला होता, 'मुळापाशी काय चालतं'. बायकांना वाटलं, काहीतरी अध्यात्म असेल. पहिल्या रांगेतल्या दोघीतिघी हात जोडून बसल्या होत्या. सरांनी पडद्यावर जबड्याचा एक्स-रे लावला तेव्हा जोडलेले हात हळूच सुटले. मोदक वाटायला आले होते. सरांनी एक मोदक उचलून त्याचं टोक मोडलं आणि आतलं सारण दाखवत म्हणाले, "समजा, हा दात आहे आणि ही नस कुजली आहे." त्यानंतर त्या ताटातला एकही मोदक कोणी घेतला नाही. रमणभाई मागून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, टूंकमां पतावो ने." थोडक्यात आटपा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. सरांनी मान डोलावली आणि पुढचा बराच वेळ ते थोडक्यात सांगत राहिले.

माझी आणि त्यांची जवळीक वाढली ती रंगामुळे.

एका रविवारी ते मला म्हणाले, "तुम्ही रंगातले आहात ना? या, एक दाखवतो." मी प्रथमच त्यांच्या घरात गेलो. समोरच्या खोलीत एकच खुर्ची होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः उभे राहिले. शोकेसमध्ये लोक बाहुल्या, कप, ताजमहाल ठेवतात. तिथे बाटल्या होत्या आणि बाटल्यांत दात होते. प्रत्येकाच्या मुळाला छोटी पिशवी लटकलेली. त्यांनी ठेवलेली कामवाली बाई दुसऱ्याच दिवशी काम सोडून गेली होती, ते का, हे मला तेव्हा समजलं. टेबलावर जुना सूक्ष्मदर्शक होता. त्यांनी त्याच्याखाली रंगवलेल्या कापाची काच सरकवली, म्हणाले, "बघा."

मी बघितलं. गुलाबी जमिनीवर जांभळे ठिपके. मधूनमधून फिकट रेषांची लाट. एका कोपऱ्यात ठिपके दाट, मग विरळ होत गेलेले, आणि मध्येच तपकिरी ठिणग्या. माझ्यासारखा माणूस ज्यासाठी आठवडाभर डोकं खाजवतो, ते तिथे आयतं मांडलेलं होतं.

"हे तपकिरी काय?"

"तो निरोप," सर म्हणाले. "म्हणजे, ज्या पेशीने निरोप धरलाय तिला तपकिरी रंग चढतो. बाकीच्यांना चढत नाही."

हे मात्र मला चटकन समजलं. रंग कोणाला चढतो आणि कोणाला चढत नाही, यावरच आमच्या धंद्याचं सगळं चालतं. मी ते सांगितलं. सर इतके खूश झाले की पुढचा तासभर मी खुर्चीत आणि ते उभे, असे आम्ही एकेक काच बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये मी ते आठवून जॉर्जेटवर उतरवलं. शेठना दाखवलं. गुजरातीत डिझाइनला 'भात' म्हणतात. शेठ म्हणाले, "आ भात क्यांथी लाव्या?" कुठून आणलीत म्हणून विचारलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी किळसेने हात पुसले असते. मी म्हणालो, "अशीच सुचली." शेठना ती आवडली, पण ठिपक्यातलं गडद टिंब एका बाजूला सरकलेलं होतं, ते त्यांना मध्यभागी हवं होतं. मी मध्यभागी केलं.

नमुन्याचा तुकडा सरांना दाखवला, तर त्यांचा चेहरा पडला. "हे कोणी केलं? ही प्लाझ्मा पेशी आहे. तिचा केंद्रक बाजूलाच असतो. तीच तर तिची ओळख. मध्यभागी आणलात की ती कोणीच उरत नाही."

"सर, ही साडी आहे."

"साडी असली म्हणून काय झालं?"

मी परत शेठकडे गेलो. पेशीचं न सांगता बाकी बरंच सांगितलं. टिंब परत बाजूला गेलं. साडी चांगली खपली. पुढे दिवाळीत एक बाई तीच साडी नेसून आमच्या गल्लीत भाजीच्या हातगाडीपाशी उभी होती. सर तिच्या पदराकडे एवढं टक लावून बघायला लागले की तिने पदर आवरून घेतला आणि रागाने पाहिलं. सर तिला म्हणाले, "ताई, अगदी बरोबर आलाय." मी मध्ये पडलो म्हणून निभावलं.

आमच्या घरात सरांवर सगळ्यांचा लोभ होता, एक आई सोडून. आम्ही अमळनेरकडचे. वडील उधन्यात लूमवर कामाला आले ते इथलेच होऊन राहिले. ते गेल्यावर आई माझ्याकडे आहे. सुरतेत तिची चाळीसेक वर्षं गेली, पण घरात ती अहिराणीच बोलते. सरांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने मला आत बोलावून विचारलं, "हाऊ काय बैल लेवाले येल शे का?" गावाकडे बैल घेताना त्याचे दात बघतात. त्यानंतर सर समोर आले की ती ओठ मिटून घ्यायची आणि पदर नाकापर्यंत ओढायची. सर तिला "नमस्कार मावशी" म्हणायचे, अगदी पुस्तकी, स्वच्छ मराठीत. ती पदराआडून मान हलवायची. साऱ्या सोसायटीत जिचे दात सरांना माहीत नव्हते, अशी ती एकटीच.

म्हणूनच घोळ झाला. तिच्या खालच्या जबड्याला उजव्या बाजूला गाठ धरली होती, आणि ती कधीपासून होती ते कोणालाच माहीत नव्हतं. दुखत नव्हती, म्हणून तिने सांगितली नाही. माझी बायको वैशाली तिला न्हाऊ घालताना तिचा हात लागला. "आई, हे काय?" तर म्हणे, "काही नही. वय व्हयनं."

डेंटिस्टकडे नेलं. तरुण, हुशार मुलगी होती. एक्स-रे काढला आणि बराच वेळ तो बघत बसली. दाढेच्या मुळाखाली चांगला बोराएवढा काळा डाग होता. बऱ्याच बाजूंनी त्याची कड स्वच्छ, पण एका बाजूला पुसट झालेली. "मिश्री लगाती हैं, मांजी?" तिने हिंदीत विचारलं. आई लग्नाच्या आधीपासून दातांना तंबाखूची मिश्री लावते. मुलगी म्हणाली, दाढ काढू, खालची गाठ काढू आणि बायोप्सीला पाठवू. बहुतेक साधंच असेल, पण बघितलेलं बरं.

बायोप्सी हा शब्द आईला कोणी समजावून सांगावा लागला नाही. आमच्या भागात तो सगळ्यांना कळतो. घरी आल्यावर तिने मिश्रीची डबी कपाटात सर्वांत वर, तिचा हात पोहोचणार नाही अशी ठेवायला सांगितली. मी ठेवली.

संध्याकाळी मी एक्स-रे घेऊन सरांकडे गेलो. मला वाटलं, आता ते निरोप, हाड, जागा, सगळं सुरू करतील. खरं तर ते ऐकण्यासाठीच मी गेलो होतो. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

"कोणाचा?"

"आईचा."

त्यांनी तो खाली घेतला, परत वर धरला. "मिश्री?"

"हो."

"बघू," ते म्हणाले. एवढंच. सरांनी एका शब्दात बोलणं संपवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दाढ काढायच्या दिवशी सर क्लिनिकच्या जिन्यात येऊन उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "मी आत आलो तर मावशी तोंड उघडणार नाहीत." ते खरंच होतं. गाठ ठेवायला औषधपाण्याची बाटली त्यांनी स्वतः आणली होती. डेंटिस्टला बाहेर बोलावून त्यांनी सांगितलं, "पूर्ण गाठ द्या. तुकडा नको." ती त्यांची जुनी विद्यार्थिनी निघाली. "हो सर," एवढंच म्हणून आत गेली. गाठ बाटलीत घालून त्यांच्या हातात आली, तेव्हा ते रिक्षात बसले आणि ती बाटली दोन्ही हातांनी मांडीवर धरून कॉलेजकडे गेले. रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगताना मी त्यांना ऐकलं. बाटलीतल्या गाठीला खड्ड्यांनी काय होणार होतं, ते त्यांनाच ठाऊक.

मग वाट बघणं सुरू झालं. काच तयार व्हायला दिवस लागतात, हे मला सरांमुळेच माहीत होतं.

त्या दिवसांत सर रोज संध्याकाळी आमच्याकडे यायला लागले. यापूर्वी काम असल्याशिवाय त्यांनी कोणाच्या घराची पायरी चढली नव्हती. ते यायचे, गॅलरीत आईच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि गप्प राहायचे. आईही गप्प. समोर बंद पडलेल्या शेडवर कबुतरं असायची. दोघं ती बघत बसायची. वैशाली चहा ठेवून यायची. आईच्या तोंडात टाके, त्यामुळे तिचा चहा निवून जायचा आणि सरांचा उगाच. मला वाटायचं, यांनी काहीतरी बोलावं. आईला वाटायचं, डॉक्टर बोलत नाहीत म्हणजे खरं काय ते त्यांना कळलेलं आहे.

एक दिवस तिनेच विचारलं. पदर बाजूला करून, सरळ त्यांच्याकडे बघत. "डॉक्टर, मन्हा दाढखाल काय चालू व्हतं? माले सांगा."

सरांनी सांगितलं. नेहमीसारखं नाही, अगदी हळू. दात मेला, आतली वाट बंद झाली, पेशी मुळाशी आल्या, त्यांना आत जाता येईना, सोडून जाता येईना, म्हणून तिथेच बसून राहिल्या आणि एकमेकींना निरोप धाडत राहिल्या. ही गाठ म्हणजे त्यांची बसलेली गर्दी असू शकते, असं ते म्हणाले. दुसरं काय असू शकतं, ते म्हणाले नाहीत.

आईने थोडा विचार केला. "म्हणजे दारवर येल बाया," ती म्हणाली. आमच्याकडे कोणी गेलं की त्या घरी भेटायला जाण्याला 'दारवर जाणं' म्हणतात. बायका येतात, मेलेल्या माणसाच्या ओट्यावर बसतात, लवकर उठत नाहीत.

सरांनी तिच्याकडे बघितलं आणि हसले. आवाज न करता, पण तोंडभर. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा सरांचे दात दिसले. वरचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेले होते, आणि डाव्या बाजूला एक नव्हताच. आई माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाली, बघ, बैल घेणाऱ्याचेच दात बघून घेतले.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये मी सरांना गाठलं. "काच तयार झाली असेल ना? तुम्ही बघितली?"

"झालीय. मी नाही बघितली."

"का?"

ते स्कूटरची किल्ली फिरवत उभे राहिले. "मला तिथे काय दिसायला हवं, ते माझं आधीच ठरलंय. अशा माणसाने सूक्ष्मदर्शकापाशी बसू नये. आमच्या डिपार्टमेंटच्या दुसऱ्या मॅडम बघतायत. त्या मावशींना ओळखत नाहीत."

अर्धं आयुष्य मुळापाशी काढलेला हा माणूस. हीच एक काच त्याने बघितली नव्हती. मी कामावर गेलो, पण त्या दिवशी मी काय काढलं ते मला आठवत नाही.

दुपारीच वैशालीचा फोन आला, घरी या. मी कडोदऱ्याहून निघून पोहोचलो तेव्हा सर आमच्या हॉलमध्ये उभे होते. लिफ्ट बंद होती, ते जिने चढून धापा टाकत आले होते. मी येईपर्यंत वैशालीने त्यांना पाणी दिलं होतं, ते हातातच होतं. नंतर तिने मला सांगितलं, दार उघडल्याबरोबर ते चप्पल न काढता सरळ आईच्या पुढ्यात जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "मावशी, काही नही शे. साधी गाठ शे. घाबरानं काम नही."

आईने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "तुम्ही आपला शेतस?"

सरांनी मान हलवली. आम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्यांच्या तोंडून अहिराणीचा शब्द कधी ऐकला नव्हता. कॉलेजात, सोसायटीत, घरात एकटं असताना ते कोणाशी बोलणार होते ती?

"गाव कोणतं तुमनं?"

त्यांनी शिरपूरकडच्या एका गावाचं नाव सांगितलं.

"तठे कोन शे?"

"आते कोनी नही," सर म्हणाले. मग उठले आणि चप्पल बाहेर काढून ठेवायला गेले. त्यांना ते तेव्हा आठवलं.

मी आलो तोपर्यंत ते परत पुस्तकी मराठीवर आले होते. मॅडमनी काच बघून सांगितल्यावर त्यांनी स्वतः ती बघितली, आणि बराच वेळ बघत बसले होते, असं म्हणाले. तुमच्या आईकडे थांबा-निरोप चांगले जात होते. कड पुसट दिसत होती ती जुनी झालेली गाठ म्हणून. आता दाढच नाही, तर आत बसलेला शत्रूही नाही. हाड भरून येईल. मला सगळं समजलं असं नाही, पण मी ते सगळं ऐकलं, आणि संपू नये असं वाटत होतं.

मिश्रीची डबी आईने मागितली नाही. मीही काढून दिली नाही.

टाके निघाले. आई भाकरी खायला लागली, आधी दुधात कुस्करून, मग नुसती. घर पूर्वीसारखं झालं. आणि सर यायचे थांबले.

खरं म्हणजे यात काही नव्हतं. काम होतं तोवर ते आले, काम संपलं. लिफ्टमध्ये भेटायचे, कोणाच्यातरी अकलदाढेबद्दल बोलायचे, त्यांच्या मजल्यावर उतरून जायचे. मी म्हणायचो, "या की सर चहाला." ते म्हणायचे, "येईन, काही असलं की सांगा." एकदा ते आले, म्हणाले, टाक्यांची जागा बघायची होती. आईने तोंड उघडलं. जागा केव्हाच भरली होती. सरांनी बघितलं, "छान," म्हणाले, आणि बसा म्हणायच्या आत निघून गेले.

आई संध्याकाळी गॅलरीत बसायची. शेजारची खुर्ची रिकामी असायची. वैशालीने एकदा ती आत घ्यायला उचलली, तर आई म्हणाली, "राहू दे."

मग एक दिवस मी कामावरून आलो, तर आई गालाला हात लावून बसलेली. "सरले सांग, मन्ही दाढ दुखी राह्यनी."

मी तिच्यापुढे वाकलो. "कोणती?"

तिने जरा विचार केला. "कोणतीबी सांग."

ती गाल धरून कबुतरांकडे बघत होती. "त्या मानूसले यवाले काहीतरी कारन लागस," ती म्हणाली. "तुले समजत नही का?"

मी खाली जाऊन सरांना सांगितलं. ते पायात चप्पल घालतानाच बॅटरी शोधत होते. वर आले, खुर्ची आईच्या जवळ ओढली, एकेक दाढ नीट बघितली. काही नव्हतं. "काही दिसत नाही मावशी." आई म्हणाली, "आते जराशी थांबनी. चहा ल्या." चहा झाला. गावाकडचं बोलणं निघालं. सर अहिराणीत बोलायला लागले की आधी अडखळायचे, एखादा शब्द विसरायचे, मग आई तो पुरवायची आणि ते तो दोनदा म्हणून बघायचे. हळूहळू ती त्यांना डॉक्टर म्हणायची थांबली आणि भाऊ म्हणायला लागली.

तेव्हापासून आईच्या दाढा वरचेवर दुखतात. कधी वरची, कधी खालची. सर प्रत्येक वेळी बॅटरी घेऊन येतात. मला वाटलं होतं, एवढं दातांतलं कळणारा माणूस, दोन-तीन वेळांत ओळखेल. पण ते काही बोलत नाहीत.

परवा ते आले तेव्हा मी घरीच होतो. आई नेहमीसारखी गाल धरून बसली होती. सरांनी बॅटरी लावली. "कोणती दुखतेय?"

आईने तोंडात बोट घालून जागा दाखवली. घाईत तिच्या लक्षात राहिलं नसावं. तिने दाखवली ती उजवीकडची रिकामी जागा, जिथली दाढ केव्हाच काढलेली होती.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी बॅटरी त्या रिकाम्या जागेवर धरली, मान कलती करून बराच वेळ आत बघितलं, मग बॅटरी बंद केली.

"हं," ते म्हणाले. "हिच्यावर लक्ष ठेवावं लागेल. उद्या येतो."